साजाविना पाच आवाज

१९७३ साली अमेरिकेत 'वी स्टिल एन्ट गॉट नो बँड' या नावाची एक लाँगप्ले रेकॉर्ड बाजारात आली. साध्या मराठीत सांगायचे तर, 'आमच्याकडे अजून बँड नाहीच'. तो काळ इलेक्ट्रिक गिटारचा, मोठ्या ड्रमचा आणि वीस-वीस वादकांच्या ताफ्याचा होता. अशा बाजारात, आपल्याकडे काय नाही तेच रेकॉर्डच्या पाकिटावर ठळक अक्षरांत छापणारे हे लोक होते तरी कोण? त्यांना वाद्ये परवडत नव्हती, की नकोच होती? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांचा चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास समोर येतो. त्यात फन आहे, रियाज आहे, आणि हक्काचा झगडाही आहे.

या समूहाचे नाव 'द पर्स्वेजन्स'. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात बेडफर्ड-स्टायव्हेसंट नावाची कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे. तिथे १९६२ साली पाच तरुण एकत्र आले. जेरी लॉसन, जेयोटिस वॉशिंग्टन, जो रसेल, हर्बर्ट रोड आणि जिमी हेज. रोडला सगळे 'टूबो' म्हणत. हे पाच जण एकत्र बास्केटबॉल खेळत आणि खेळ संपला की गात. मुख्य आवाज आणि गाण्याची सगळी बांधणी लॉसनची, सर्वांत खालचा खर्ज हेजचा. पुढे त्यांनी वीसहून अधिक अल्बम काढले आणि एखाद-दुसरा अपवाद सोडला तर त्या सगळ्यांत माणसाच्या गळ्याशिवाय, टाळीशिवाय आणि चुटकीशिवाय दुसरे काही नाही.

अशा गायनाला 'आ कापेला' म्हणतात. शब्द इटालियन आहे. 'प्रार्थनागृहात गातात तसे' असा त्याचा अर्थ. वाद्याविना गाणे आपल्याला नवे नाही. मिलादच्या जलशात एक जण ना'तचा शेर म्हणतो आणि बाकीचे टेक उचलतात, तेव्हा पेटी-तबल्याची आठवणही कुणाला होत नाही. मोहर्रमच्या मजलिशीत सोजख्वानी ऐकली असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. मुख्य सोजख्वानाच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांना 'बाजू' म्हणतात. ते एकच सूर धरून ठेवतात. त्या धरलेल्या सुराला 'आस' म्हणतात. तानपुऱ्याचे काम तिथे गळाच करतो. ब्रुकलिनच्या पाच जणांची रचना इथपर्यंत आपल्या ओळखीची आहे. फरक यापुढे सुरू होतो. सोजख्वानीत आस स्थिर असते. इथे मात्र बाजूचे चारही आवाज चार वेगवेगळ्या सुरांवर असतात, आणि मुख्य गायक पुढे सरकला की तेही आपापली जागा बदलतात. कुणी वर जातो, कुणी खाली उतरतो, आणि तरी सगळे मिळून एकच इमारत उभी राहते. एकाचा सूर ढळला तर लपायला पेटी नाही की ढोलक नाही.

ही पद्धत पर्स्वेजन्सने शोधली नाही. तिच्यामागे 'डू-वॉप' नावाची परंपरा आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून लाखो कृष्णवर्णीय माणसे अमेरिकेच्या दक्षिणेतली कापसाची शेते सोडून उत्तरेच्या शहरांत आली. दक्षिणेत कायद्याने भेदभाव होता आणि मारहाणीची, झुंडीच्या हातून मरणाची भीती होती. उत्तरेत कारखान्यात काम मिळे. या लोकांनी सोबत चर्चमधले समूहगायन आणले. त्यांची मुले शहरात वाढली. घरे लहान, खिशात पैसे नाहीत, वाद्ये विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. मग ती रस्त्याच्या कोपऱ्यावर, इमारतींच्या जिन्यांत, शाळेच्या स्वच्छतागृहांत आणि भुयारी रेल्वेच्या फलाटांवर गाऊ लागली. या जागा का? तर तिथल्या फरशांवर आणि टणक भिंतींवर आदळून आवाज परत येतो. पाच गळ्यांचे दहा गळे वाटतात. घुमारा हे त्यांना फुकट मिळालेले एकमेव वाद्य होते.

जी वाद्ये नव्हती, त्यांचे आवाज ती मुले तोंडाने काढत. खर्जाचा गायक 'डूम डूम' करून बास वाजवी, वरचे आवाज 'डू-वॉप', 'शा-ना-ना' अशा निरर्थक बोलांनी सॅक्सोफोन-ट्रम्पेटची जागा भरून काढत. आपल्या तराण्यात जसे बोलांना अर्थ नसतो, पण ताल आणि रंग असतो, तसेच काहीसे. त्या बोलांवरूनच पुढे या गायनाला 'डू-वॉप' हे नाव पडले. गंमत म्हणजे हे नाव छापील मजकुरात रुळले ते १९६० नंतर, या गाण्यांचा बहर ओसरत आला तेव्हा. समूहांची नावे बहुधा पक्ष्यांची असत. रेव्हन्स, ओरिओल्स, पेंग्विन्स, फ्लेमिंगोज.

आता या सुरेल गोष्टीची दुसरी बाजू पाहू. १९५४ साली ब्रॉन्क्समधल्या 'द कॉर्ड्स' या कृष्णवर्णीय मुलांच्या समूहाने 'श-बूम' हे गाणे रेकॉर्ड केले. गाणे त्यांनीच रचलेले होते. ते चालू लागताच 'क्रू-कट्स' नावाच्या कॅनडातल्या गोऱ्या समूहाने तेच गाणे गाऊन बाजारात आणले. कॉर्ड्सची रेकॉर्ड पहिल्या दहांत पोचली, क्रू-कट्सची पहिल्या क्रमांकावर जाऊन अनेक आठवडे तिथेच राहिली. हा अपवाद नव्हता. त्या काळात कृष्णवर्णीयांचे गाणे गोऱ्या आवाजात पुन्हा गाऊन विकणे हा रेकॉर्ड कंपन्यांचा रोजचा धंदा होता.

त्याहून कडू कथा फ्रँकी लायमनची आहे. १९५६ साली 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' हे गाणे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गाजले. गाणारा मुलगा अवघा तेरा वर्षांचा होता. त्याच्या समूहाचे नाव 'द टीनेजर्स' आणि ही हार्लेम भागातली कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन मुले होती. रेकॉर्डवर गीतकार म्हणून लायमनसोबत निर्माता जॉर्ज गोल्डनरचे नाव लागले. नंतर गोल्डनरच्या जागी मॉरिस लेव्ही या कंपनी-मालकाचे नाव आले. लायमन १९६८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी हेरॉईनने गेला. समूहातल्या हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट या दोघांचा दावा होता की गाणे मूळ त्यांचे आहे. १९९२ साली न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात ज्यूरीने त्यांचे म्हणणे मान्य केले. पण १९९६ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारण काय? दावा करायची तीन वर्षांची मुदत कधीच संपून गेली होती. शाळकरी मुलांना मुदतीचा कायदा ठाऊक नसतो, हे कायद्याच्या हिशेबात बसत नव्हते.

पर्स्वेजन्स या सगळ्याच्या नंतर आले. १९६२ साली ते गायला उभे राहिले तेव्हा डू-वॉपचा काळ सरत होता. दोन वर्षांत बीटल्स अमेरिकेत पोचले आणि कोपऱ्यावरच्या मुलांनाही गिटार हवीशी वाटू लागली. वस्तीतही शांतता नव्हती. १९६४ च्या जुलैमध्ये एका पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने जेम्स पॉवेल हा पंधरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मेला आणि त्यानंतर उसळलेली दंगल हार्लेममधून बेडफर्ड-स्टायव्हेसंटपर्यंत आली. त्याच वस्तीत हे पाच जण दिवसा पोटापाण्याचे काम करत आणि संध्याकाळी गात. सॅम कुक, टेम्प्टेशन्स, कर्टिस मेफिल्ड यांची गाणी ते घेत. मूळ गाण्यात वाजणारा सगळा वाद्यवृंद लॉसन मनात उलगडून चार आवाजांत वाटून टाकी. कोणाचा सूर कुठला, हे तो गाऊन दाखवी. कागदावर स्वरलिपी नव्हती. उस्तादाने शागिर्दाला तोंडी तालीम द्यावी, तशीच ही पद्धत होती.

त्यांची पहिली मोठी रेकॉर्ड निघाली ती १९७० साली. नावच 'आकापेला'. ती काढणाऱ्या 'स्ट्रेट' या कंपनीमागे फ्रँक झापा होता. झापा म्हणजे त्या काळचा मोठा विक्षिप्त आणि हुशार रॉक संगीतकार. त्याच्या स्वतःच्या संगीतात वाद्यांचा आणि गुंतागुंतीचा कहर असे. मग त्याला हे पाच साधे गळे का भावले? कारण झापा डू-वॉप ऐकत वाढला होता. १९६३ साली पेंग्विन्स या समूहासाठी त्याने रे कॉलिन्सबरोबर गाणे लिहिले होते, आणि १९६८ साली डू-वॉपच्या थाटाचा एक अख्खा अल्बम काढला होता. न्यू जर्सीतल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराने पर्स्वेजन्सचे गाणे त्याला टेलिफोनवरून ऐकवले आणि त्याने त्यांना कॅलिफोर्नियाला बोलावून घेतले, अशी हकीकत त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. टेलिफोनच्या तारेतून वाद्यवृंद गेला असता तर त्याचा चिवडा झाला असता. गळा मात्र तारेतूनही ओळखू येतो.

त्यानंतर कॅपिटॉल या बड्या कंपनीने त्यांना घेतले. १९७१ साली 'वी केम टू प्ले' आणि १९७२ साली 'स्ट्रीट कॉर्नर सिंफनी' व 'स्प्रेड द वर्ड' असे तीन अल्बम निघाले. यातला 'स्ट्रीट कॉर्नर सिंफनी' पहिल्यांदा ऐकणाऱ्याने एक युक्ती करावी. मुख्य गायकाकडे जरा दुर्लक्ष करावे आणि सर्वांत खालचा आवाज पकडावा. तो जिमी हेज. गाण्याचा पाया तो घालतो, आणि तालही तोच धरतो. तो कानात बसला की मग मधले आवाज एकेक करून वेगळे होऊ लागतात. शेवटी लॉसनच्या आवाजाकडे यावे. त्या आवाजाला किंचित खरखर आहे. चर्चमधल्या उपदेशकाची कळकळ आणि रस्त्यावरच्या माणसाचा रोखठोकपणा त्यात एकत्र आहे. 'सिंफनी' हा शब्द युरोपातल्या मोठ्या वाद्यवृंदांच्या दिवाणखान्यातला, त्यांनी तो उचलून रस्त्याच्या कोपऱ्यावर आणून ठेवला.

कंपन्यांना मात्र चैन पडत नव्हते. रेडिओवर वाजायचे तर ड्रम हवा, गिटार हवी, हा बाजाराचा हिशेब. १९७३ च्या रेकॉर्डचे ते मिस्कील नाव या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. पुढच्याच वर्षी 'ए अँड एम' या कंपनीसाठी त्यांनी दोन अल्बम केले आणि त्यांत वाद्ये आली. या काळात वॉशिंग्टन समूहात नव्हता, त्याच्या जागी विली डॅनियल गात होता. वाद्यांसह केलेले एक गाणे कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत चढलेही. म्हणजे प्रयोग अगदीच फसला असे नाही. तरी १९७७ साली ते पुन्हा निव्वळ गळ्यांकडे वळले. वॉशिंग्टनही परतला. त्या अल्बमचे नाव 'चर्पिन'', म्हणजे किलबिल. पक्ष्यांची नावे घेणाऱ्या जुन्या समूहांना केलेला हा सलाम आहे असे मला वाटते.

'चर्पिन'' मध्ये रिचर्ड राइकेगने लिहिलेले 'लुकिंग फॉर ॲन एको' हे गाणे आहे. शहरातली मुले घुमारा मिळेल अशी जागा शोधत फिरत, त्या दिवसांची ही आठवण. गाणे भावुक आहे, पण त्यातली माहिती खरी आहे. जिने, फलाट आणि कोपरे हीच त्या मुलांची तालीमखाना होती. पर्स्वेजन्स स्वतः त्याच जागांवर घडलेले, म्हणून दुसऱ्याने लिहिलेले गाणे त्यांच्या तोंडी आत्मचरित्रासारखे वाटते.

इथे मघाच्या फ्रँकी लायमनकडे परत जावे लागते. १९७९ साली गायिका जोनी मिचेलने आपल्या मैफलीत पर्स्वेजन्सना सोबत घेतले. त्याचे ध्वनिमुद्रण १९८० साली 'शॅडोज अँड लाइट' या अल्बममध्ये आले. त्यात त्यांनी मिळून गायलेले एक गाणे आहे 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह'. हार्लेमच्या मुलांचे तेच गाणे. पुढच्याच वर्षी डायना रॉसनेही ते गायले आणि गाजवले. गाणे पंचवीस वर्षांनीही कमाई करत होते. सँटियागो आणि मर्चंट यांना मात्र ते आपले आहे हे सिद्ध करण्यासाठी कोर्टाची पायरी चढायची होती.

पर्स्वेजन्सच्या कमाईचे गणित समजून घेण्यासारखे आहे. रेकॉर्ड विकली गेली किंवा रेडिओवर वाजली की गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मानधन मिळते. दुसऱ्याचे गाणे घेऊन त्याची पूर्ण नवी बांधणी करणाऱ्याला त्या मानधनात साधारणपणे वाटा नसतो. अमेरिकेत तर रेडिओवर गाणे वाजले तरी गाणाऱ्याला काही द्यावे लागत नाही, असा नियम आहे. लॉसनने शेकडो गाणी चार-पाच गळ्यांत बसवली. कायद्याच्या नजरेत ती सगळी इतरांचीच गाणी राहिली. त्यामुळे पोट भरायचे ते मैफलीवर. गाडीत बसायचे, गाव गाठायचे, गायचे, पुढच्या गावाला निघायचे. वाद्ये नाहीत याचा एक फायदा एवढाच की सामान कमी. १९८८ साली अशाच एका दौऱ्यावर असताना टूबो रोडचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षे उरलेले चौघेच गात राहिले.

१९९० साली चित्रपट दिग्दर्शक स्पाइक लीने अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी वाद्याविना गाणाऱ्यांचा एक कार्यक्रम केला. त्यात दक्षिण आफ्रिकेचा लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो होता, लंडनच्या स्त्रियांचा मिंट जुलेप्स होता, टेक सिक्स आणि रॉकापेला हे तरुण समूह होते, आणि त्यांच्यामध्ये पर्स्वेजन्स होते. वीस वर्षांपूर्वी ज्यांना 'बँड कुठे आहे?' असे विचारले जाई, तेच आता या घराण्याचे बुजुर्ग ठरले होते. पुढे २००० साली त्यांनी झापाची गाणी गाऊन एक अल्बम केला. झापा १९९३ सालीच गेला होता. ज्याने आपल्याला पहिला दरवाजा उघडून दिला, त्याच्या अवघड, वाद्यांनी गच्च भरलेल्या रचना या माणसांनी गळ्यावर पेलल्या. कर्ज फेडण्याचा यापेक्षा चांगला रिवाज मला ठाऊक नाही. ग्रेटफुल डेड आणि बीटल्स यांच्या गाण्यांचे अल्बमही याच काळातले. बीटल्स आले तेव्हा कोपऱ्यावरचे गाणे मागे पडले होते. २००२ साली कोपऱ्याने बीटल्सनाच आपल्या बोलीत आणले.

२००३ साली, चाळीस वर्षांनंतर, जेरी लॉसनने समूह सोडला. तो ॲरिझोनात राहायला गेला आणि तिथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांची काळजी घेण्याचे काम करू लागला. ज्याच्या आवाजासाठी झापाने देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बोलावले होते, तो माणूस साठीच्या उंबरठ्यावर नोकरी करत होता. यात कमीपणा काही नाही, काम मोलाचेच आहे. पण चाळीस वर्षांच्या फनाची कद्र बाजाराने किती केली, याचा हिशेब त्यात दिसतो. २०१० च्या डिसेंबरमध्ये 'द सिंग-ऑफ' या टीव्हीवरच्या स्पर्धेत तो 'टॉक ऑफ द टाउन' या समूहासोबत पुन्हा दिसला. त्याच स्पर्धेत नॅशव्हिलच्या तरुणांचा एक समूह दुसरा आला. योग असा, की त्या समूहाचे नाव होते 'स्ट्रीट कॉर्नर सिंफनी'. लॉसनचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम 'जस्ट अ मॉर्टल मॅन' २०१५ साली निघाला. तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता. १० जुलै २०१९ रोजी तो गेला. रसेल २०१२ साली आणि हेज २०१७ साली गेला होता.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. वाद्ये परवडत नव्हती, की नको होती? सुरुवातीला परवडत नव्हती, हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. गरिबीला सुंदर म्हणण्याची एक वाईट सवय आपल्याला असते. फाटका सदरा पाहून 'काय साधेपणा!' म्हणायचे आणि सदरा शिवून द्यायचा विषय टाळायचा. कोपऱ्यावरची मुले वाद्याविना गायली कारण कुणी त्यांना वाद्य दिले नाही. पण पुढे कंपनीने वाद्ये समोर आणून ठेवली, ती वाजवून पाहिली, आणि तरीही ती बाजूला सारून पर्स्वेजन्स गळ्याकडे परतले. तोवर त्यांच्या हातात अशी विद्या आली होती की जिच्यापुढे वाद्य जास्तीचे वाटे. परिस्थितीने लादलेली गोष्ट त्यांनी रियाजाने आपलीशी केली. हे श्रेय परिस्थितीचे नाही, त्यांचे आहे.

ही ध्वनिमुद्रणे आज इंटरनेटवर सहज ऐकायला मिळतात. जरूर ऐकावीत, आणि शक्यतो हेडफोन लावून ऐकावीत, म्हणजे पाचही आवाज वेगळे कळतील. फक्त एक करावे. गाणे संपले की ते कोणी लिहिले, कोणी बांधले, कोणी गायले, ती नावे शोधून वाचावीत. हार्लेमच्या त्या दोघांनी पुढे कोर्टात एवढेच तर मागितले होते.